पाणी सुटल्याचा निरोप

पूर्णा नदीला पूर आला आणि येलदरी धरणाचे दरवाजे उचलायचे ठरले, की पहिलं काम असतं खालच्या गावांना कळवण्याचं. नदीपात्रातल्या मोटारी काढा, जनावरं वर बांधा, पाण्यात उतरू नका. दरवाजे उचलण्याआधी भोंगा वाजवायचा, गावात दवंडी द्यायची, तलाठ्याला आणि पोलीस पाटलाला फोन करायचा, ही आपल्याकडची जुनी पद्धत. गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एक भर पडली आहे. सही-शिक्क्याच्या पत्राचा फोटो काढतात आणि तो गटागटांतून फिरवतात. दहा मिनिटांत तो हजारो फोनांवर पोचलेला असतो.

आता नदीकाठच्या एका गावातली दोन घरं डोळ्यांसमोर आणा. एका घरातल्या आजोबांना दिसत नाही. भोंगा त्यांना ऐकू येतो, पण भोंगा फक्त ओरडतो; पाणी किती, कधी, कुठवर येणार हे तो सांगत नाही. ते त्या पत्रात लिहिलेलं असतं. आजोबांच्या फोनमध्ये मजकूर वाचून दाखवणारी सोय आहे, पण पत्र फोटो होऊन आल्यामुळे तो फोन फारतर ‘प्रतिमा’ एवढंच म्हणतो आणि गप्प होतो. दुसऱ्या घरातल्या तरुणाला ऐकू येत नाही. भोंगा आणि दवंडी त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. पत्र त्याला दिसतं, पण ‘सांडव्यावरील विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढविण्यात येत असल्याने’ अशा भाषेतून जायचं का राहायचं हे शोधून काढावं लागतं. निरोप एकच, आणि तो दोन्ही घरांत अर्धाच पोचला.

वेबसाइट सर्वांना वापरता येईल अशी कशी बांधायची, हा या प्रकरणाचा विषय. सरकारी कागदपत्रांत त्याला ‘सुगम्यता’ म्हणतात. तो समजून घ्यायला आपण येलदरीच्या पाण्याचं एक पान बांधायला घेऊ. हे पान आपल्या कल्पनेतलं आहे. धरण मात्र खरं आहे.

येलदरी हे परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातलं गाव, हिंगोली जिल्ह्याच्या सीमेला टेकलेलं. इथलं धरण १९६८ साली पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर, म्हणजे या भागात नेहमी म्हणतात तसं ९३४ दलघमी. पायथ्याशी साडेबावीस मेगावॅटचं वीजकेंद्र आहे. वीजनिर्मिती होऊन बाहेर पडलेलं पाणी खाली सिद्धेश्वर धरण अडवतं आणि कालव्यांनी ते शेतांकडे वळतं. पावसाळ्यात वर बुलढाणा जिल्ह्यातल्या खडकपूर्णा प्रकल्पातून पाणी सुटलं, की येलदरीची पातळी चढू लागते. मग पूर्णाकाठी प्रत्येकाला एकच गोष्ट हवी असते, आजचा आकडा.

तर आपल्या पानावर काय काय लागेल? धरणाचं नाव, तारीख आणि वेळ, साठ्याची टक्केवारी, किती दरवाजे किती उघडले, किती क्युसेक पाणी सुटतंय, आणि गावकऱ्यांनी काय करायचं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण सव्वाअठ्ठावीस लिटर. एवढी साधी माहिती कुणाकुणाच्या वाटेत कुठे कुठे अडते, ते आता पाहू.

दृष्टिहीन माणूस वेबसाइट वापरतो ती स्क्रीन रीडरच्या, म्हणजे मजकूर वाचून दाखवणाऱ्या सोयीच्या मदतीनं. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतो, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. संगणकासाठी एनव्हीडीए नावाचा मोफत स्क्रीन रीडर आहे. मायकल करन आणि जेम्स तेह या दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी तो उभा केला, काम २००६ साली सुरू झालं. आपल्या उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांनी लहानपणी दृष्टी गेल्यावर असंच एक सॉफ्टवेअर वापरून अभ्यास केला, केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा दिली आणि त्या भारतीय प्रशासन सेवेत गेल्या. ही साधनं सवयीची झालेली माणसं इतक्या वेगानं ऐकतात, की शेजारी बसलेल्याला एक शब्द लागत नाही.

पण स्क्रीन रीडरला डोळे नसतात, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पडद्यावर काय रंगवलं आहे ते तो पाहत नाही. कोणतंही पान उघडलं, की ब्राउझर त्याच्या मागच्या कोडवरून एक वंशावळ तयार करतो. हा मथळा, हा परिच्छेद, हा दुवा, हे बटण, ही सारणी, आणि प्रत्येकाचं नाव अमुक. स्क्रीन रीडर ही वंशावळ वाचतो. जे तिच्यात नाही ते त्याच्यासाठी जगातच नाही. म्हणून पान बांधणाऱ्याचा पहिला धर्म असा, की अक्षराला अक्षरच राहू द्यावं. पत्राचा फोटो टाकला, की त्या अक्षरांचं चित्र होतं, आणि चित्राला नाव दिलं नसेल तर वंशावळीत त्याच्या जागी पोकळी उरते.

मराठीत या अडचणीची एक जास्त लबाड जात आहे, आणि तिच्याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण इंग्रजी पुस्तकांत ती सापडत नाही. युनिकोड ही जगभरच्या लिप्यांना एकेक ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिची पहिली आवृत्ती १९९१ची. ती आपल्या कचेऱ्यांत रुळायला पुढे पुष्कळ वर्षं गेली. तोवर मराठी टंकलेखन चालायचं ते निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टांवर. त्यांतली युक्ती अशी होती, की संगणकाच्या पोटात साठवायची रोमन अक्षरं आणि चिन्हं, आणि फॉन्टमध्ये त्या जागी काढून ठेवायची क, ख, वेलांटी, रफार. कागदावर छापलं की अस्सल मराठी. पण संगणकाच्या लेखी तिथे मराठी नसतंच. तुम्हाला ‘येलदरी’ दिसतं, स्क्रीन रीडरला सापडतो टिंबं, टोप्या आणि परदेशी अक्षरांचा चुरा. अशी कितीतरी परिपत्रकं पीडीएफ होऊन संकेतस्थळांवर आजही पडून आहेत. ओळख अगदी सोपी आहे. पीडीएफमधली एक ओळ निवडा, कॉपी करा, दुसरीकडे चिकटवा. मराठीच उमटली तर ठीक. चुरा उमटला, किंवा ओळ निवडलीच जात नसेल, तर ते पान वाचून दाखवता येणार नाही. आणि जे वाचून दाखवता येत नाही ते शोधताही येत नाही, भाषांतरितही करता येत नाही. म्हणजे नुकसान सगळ्यांचंच. अंध माणसाला ते आधी सोसावं लागतं एवढंच.

युनिकोड वापरलं म्हणजे काम संपलं, असंही नाही. देवनागरी मराठीची आहे, तशी हिंदीची, नेपाळीची आणि संस्कृतचीही. पानावरची भाषा कोणती हे कोडमध्ये एका छोट्या खुणेनं सांगावं लागतं. मराठीसाठी ती ‘एमआर’ ही दोन अक्षरं. ती खूण नसली किंवा चुकली, तर फोन हिंदीचा आवाज उचलतो. मग ज्ञानेश्वरांचे ‘ग्यानेश्वर’ होतात. ‘चिंच’ म्हणताना आपण पहिला च एक म्हणतो आणि दुसरा निराळा. हिंदी आवाज दोन्ही सारखेच म्हणतो. ‘जमीन’मधला ज बदलतो. ऐकणारा माणूस अर्थ लावून घेतो, पण दिवसभर दुसऱ्याच्या उच्चारातून आपली भाषा ऐकत राहणं थकवणारं असतं. दोन अक्षरांची खूण आहे ती. ती न टाकायला मला तरी एकही कारण सापडलेलं नाही.

हे प्रकरण लिहिताना मी फोनचा टॉकबॅक सुरू केला, पडदा काळा केला आणि एका धरणाचा आजचा साठा शोधायला बसलो. बोट उजवीकडे सरकवलं की पुढची वस्तू ऐकू येते, दोनदा टिचकी मारली की ती उघडते. ‘दुवा, येथे क्लिक करा.’ ‘दुवा, येथे क्लिक करा.’ ‘दुवा, येथे क्लिक करा.’ प्रत्येक ‘येथे’ म्हणजे कुठे, हे शेजारच्या चित्रात होतं. मग एक बटण आलं. त्याचं नाव होतं ‘बटण’. मग सारणी आली आणि आकडे पडू लागले. ‘शहात्तर पूर्णांक दोन. चौऱ्याऐंशी. शून्य.’ कोणत्या धरणाचे, टक्के का मीटर, कालचे का आजचे, काही कळेना. पंधरा-वीस मिनिटांनी मी पडदा पुन्हा उजळवला. मला ती सोय होती.

त्या पानाचं बिघडलं होतं ते दुरुस्त करायला नवी यंत्रणा लागत नाही. सारणीच्या वरच्या ओळीतल्या आणि पहिल्या स्तंभातल्या चौकटी ‘शीर्षक’ आहेत, हे कोडमध्ये सांगायचं. मग स्क्रीन रीडर आकड्याबरोबर ‘येलदरी, साठा टक्के’ हेही म्हणतो. मथळा नुसता ठळक आणि मोठा करून भागत नाही. तो मथळा आहे असं कोडमध्ये सांगायचं. संगणकावर स्क्रीन रीडर वापरणारा ‘एच’ कळ दाबत एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारतो, जशी आपली नजर वर्तमानपत्राच्या पानावर फिरते. मथळेच नसतील तर त्याला पान पहिल्या अक्षरापासून ऐकत जावं लागतं. दुव्याचं नाव असं हवं, की तो एकटा ऐकला तरी कळावा, जसं ‘येलदरी धरणाचा आजचा विसर्ग’. आणि बटणाचं नाव ‘बटण’ नको.

चित्रांचं थोडं वेगळं आहे. प्रत्येक चित्रामागे पर्यायी मजकूर लिहिता येतो. तो पडद्यावर दिसत नाही, ऐकू येतो. तो लिहिणं ही कला आहे. आपल्या पानावर धरणाचा फोटो टाकला आणि मागे ‘धरणाचा फोटो’ लिहिलं, तर काहीच सांगितलं नाही. काहीच लिहिलं नाही तर कॅमेऱ्यानं फाइलला दिलेला क्रमांक ऐकू येऊ शकतो, ते त्याहून वाईट. फोटो इथे कशासाठी आहे हे स्वतःला विचारायचं. दरवाजे उघडल्याचं दाखवायला असेल, तर ‘येलदरी धरणाच्या उघडलेल्या दरवाज्यांतून फेसाळत पडणारं पाणी, खालचं नदीपात्र दोन्ही काठांपर्यंत भरलेलं’ असं लिहायचं. नुसती सजावटीची वेलबुट्टी असेल, तर पर्यायी मजकूर मुद्दाम रिकामा ठेवायचा, म्हणजे स्क्रीन रीडर तिला ओलांडून पुढे जातो.

रंगांचा विचार फार कमी लोक करतात. हवामान खात्याचे इशारे हिरवे, पिवळे, नारिंगी आणि लाल असतात. नकाशावर नुसता रंग भरला आणि शब्द लिहिला नाही, तर लाल आणि हिरव्यातला फरक ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी धोका आणि शांतता एकाच रंगाची होते. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून स्त्रियांपेक्षा पुरुषांत पुष्कळ जास्त आढळतो, आणि कितीतरी जणांना तो आपल्यात असल्याचं माहीतही नसतं. आपल्या पानावर लाल रंगाबरोबर ‘धोका’ हा शब्दही हवा. अक्षराचा आणि मागच्या पार्श्वभूमीचा उजळपणा पुरेसा वेगळा हवा, हे दुसरं. आंतरराष्ट्रीय नियमांत त्याचं मोजमाप दिलेलं आहे. नेहमीच्या आकाराच्या अक्षरांना किमान साडेचारास एक. शुभ्र पांढऱ्यावर गडद काळं म्हणजे एकवीसास एक. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं डिझायनरला नाजूक वाटतात; मोतीबिंदू झालेल्या आजीला कोरा कागद दिसतो. भर उन्हात धरणाच्या भिंतीवर उभं राहून फोन पाहणाऱ्या धडधाकट माणसाचीही तीच गत होते.

हात थरथरणाऱ्यांचा, एकाच बोटानं किंवा तोंडात धरलेल्या काडीनं काम करणाऱ्यांचा प्रश्न निराळा. माउस त्यांच्या कामाचा नाही. टॅब कळ दाबत दाबत पानावरच्या प्रत्येक दुव्यापर्यंत आणि बटणापर्यंत जाता यायला हवं, आणि आत्ता आपण कुठे आहोत हे चौकटीनं दिसायला हवं. ही चौकट काही जण ‘कुरूप दिसते’ म्हणून काढून टाकतात. अंधारात घराच्या पायऱ्या काढून टाकण्यासारखं आहे ते. बोटानं दाबायच्या गोष्टी एकमेकींना चिकटवू नयेत. ओटीपी किंवा अर्जासाठी दिलेली मुदत संपायच्या आत वाढवून मागता यावी. वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहायला लावणारा कॅप्चा असेल, तर निदान ऐकायचा पर्याय द्यावा. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीनं उच्च न्यायालयांच्या संकेतस्थळांबाबत हाच आग्रह धरला होता.

आता ऐकू न येणाऱ्या तरुणाकडे येऊ. त्याला पान दिसतं, मग त्याची काय अडचण, असं सहज वाटतं. व्हिडिओवर उपशीर्षकं नसणं ही उघड अडचण. दुसरी खोल आहे. जन्मतः कर्णबधिर असलेल्या आणि खुणांच्या भाषेत वाढलेल्या माणसासाठी लिखित मराठी ही दुसरी भाषा असते. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे; तिच्या संशोधनासाठी २०१५ साली दिल्लीत स्वतंत्र केंद्र स्थापन झालं. म्हणून महत्त्वाच्या निरोपासोबत सांकेतिक भाषेतला छोटा व्हिडिओ असावा. तो जमत नसेल, तर वाक्यं तरी लहान असावीत. ‘आज दुपारी चारला पाणी वाढेल. नदीत उतरू नका. मोटारी आत्ताच काढा.’ या तीन वाक्यांत प्रशासनाची प्रतिष्ठा कुठेही कमी होत नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्यांना, वाचनाची अडचण असलेल्या मुलांना आणि चौथीत शाळा सुटलेल्या शेतकऱ्यालाही हीच वाक्यं लागतात. २० जुलै २०२३ला अनेकांच्या फोनवर एकाच वेळी मोठा आवाज आला, फोन थरथरला आणि पडद्यावर आपत्तीच्या इशाऱ्याच्या चाचणीचा संदेश उमटला, ते आठवत असेल. आवाज, थरथर आणि अक्षरं तिन्ही एकदम. भोंग्यानं जे अर्धं सोडलं होतं ते तिथे पुरं झालं होतं.

या सगळ्याचे लेखी नियम आहेत. वेबचे मापदंड ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेनं पहिली नियमावली १९९९ मध्ये काढली. हल्लीची आवृत्ती २.२ ही ऑक्टोबर २०२३ची. तिच्यात चार अपेक्षा आहेत. मजकूर इंद्रियांना जाणवावा, पान वापरता यावं, समजावं, आणि वेगवेगळ्या साधनांवर टिकावं. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी २००९ पासून वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. कायदाही आहे, २०१६चा दिव्यांग हक्क कायदा. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मोजले आहेत आणि माहिती सर्वांना घेता यावी ही जबाबदारी शासनावर टाकली आहे. २०१७च्या नियमांत तर अगदी आपल्या कामाची गोष्ट होती. संकेतस्थळावर ठेवायची कागदपत्रं ई-पब किंवा मजकूर ओळखता येणाऱ्या पीडीएफच्या रूपात असावीत, असं तिथे लिहिलं होतं. लिहिलं होतं, पण पाळायची सक्ती नव्हती. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठानं नेमकं यावर बोट ठेवलं. कायदा बंधनकारक असताना नियम नुसते शिफारशीसारखे ठेवता येणार नाहीत, किमान निकष सक्तीचे करा, असं न्यायालय म्हणालं. पुढे ३० एप्रिल २०२५ला ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिकांवर निकाल आला. बँकेची ओळखपडताळणी करताना कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटा, असं सांगितलं जातं. ॲसिडहल्ल्यात डोळे गेलेल्या बाईनं त्या कशा मिटाव्यात? डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयानं सांगितलं आणि वीस निर्देश दिले.

महाराष्ट्रात २०११च्या जनगणनेत साडेएकोणतीस लाखांहून जास्त दिव्यांग व्यक्ती मोजल्या गेल्या. ३ डिसेंबर २०२२ला राज्यात त्यांच्यासाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. विभाग आहे, कायदा आहे, निकाल आहेत. तरी फोटोतली पत्रं फिरतातच, कारण पत्राचा फोटो काढणाऱ्या कारकुनापर्यंत यातलं काहीच पोचलेलं नसतं. त्याला फक्त एवढं सांगायला हवं, की फोटो टाक, पण खाली तोच मजकूर टंकून टाक. दोन मिनिटांचं काम आहे.

अनेक संकेतस्थळांच्या कोपऱ्यात ‘अ+’, ‘अ-’ आणि रंग बदलायची बटणं दिसतात. काही जण विकतची तयार पट्टी बसवून पान सुगम्य झाल्याचं जाहीर करतात. मला हे पटत नाही. मागची वंशावळ मोडकी असेल, तर पुढच्या पट्टीनं ती जुळत नाही. त्यापेक्षा माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅबनं पान पार करून पाहा, टॉकबॅक लावून ऐका. आणि मग दृष्टिहीन, कर्णबधिर, हात नीट न चालणाऱ्या माणसांना बोलवा, त्यांच्या हाती पान द्या, त्यांच्या वेळेचा मोबदला द्या. अर्ध्या तासात ते जे दाखवून देतात ते आपल्याला महिनाभर दिसलेलं नसतं.

आपलं येलदरीचं पान बांधून झालं आहे. आकडे उदाहरणादाखलचे आहेत. रात्रीचे साडेअकरा वाजले आहेत, वीज गेलेली आहे, आजोबांनी उशाचा फोन घेतला आहे आणि बोट उजवीकडे सरकवत आहेत.

‘मथळा, येलदरी धरण, पूर्णा नदी. आज रात्री अकरा वाजताची माहिती. साठा, अठ्ठ्याण्णव टक्के. उघडे दरवाजे, चार. इशारा, धोका. रात्री एक वाजता आणखी दोन दरवाजे उघडतील. नदीकाठी थांबू नका. जनावरं उंचावर बांधा. बटण, नियंत्रण कक्षाला फोन करा.’

आजोबा दोनदा टिचकी मारतात.